ग्रीसमधील काळी द्राक्षे व त्यांची तांबडी वाइन

सांगली व नाशिक भागातील बागाईतदार ज्या द्राक्षाला थॉम्पसन सीडलेस म्हणतात, तेच द्राक्ष ग्रीस देशातील क्रीट बेटावर सुल्तानीना या नावाने पिकते आणि तेथेही त्याचे बेदाणे करतात. परंतु प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो खाण्याच्या वा बेदाण्याच्या द्राक्षाचा नव्हे, तर त्याच देशातील वाइनच्या काळ्या द्राक्षांचा. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा लेखाचा हेतू नाही. ज्या देशी जातींत उघड दोष आहेत त्या जातींना तेथील शेतकऱ्याने मोल कसे मिळवून दिले, हा प्रश्न कोणत्याही बागाईतदाराने विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळ्या द्राक्षाचा मणी पिळला असता रस बहुधा पांढुरकाच निघतो. रंग सालीत असतो आणि तुरटपणा साल व बिया या दोहोंत असतो. म्हणून तांबडी वाइन करताना रस साल व बियांसह आंबवितात आणि कित्येक दिवस त्यांच्या सहवासात ठेवतात. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक मिळते. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आपण जी धडपड करतो, ती येथे नुकसानीची ठरेल.

उत्तर ग्रीसमधील मॅसिडोनिया प्रांतात क्सिनोमाव्रो नावाची जात आहे. ‘क्सिनो’ म्हणजे आंबट व ‘माव्रो’ म्हणजे काळे. नावात काळेपणा असला तरी हिच्या वाइनचा रंग फिकाच असतो आणि तो लवकर विटकरी होतो. आंबटपणा तीव्र व तुरटपणा त्याहून तीव्र. वेल माजणारी आहे. सकस जमिनीत भरपूर पाणी दिले तर घड पुष्कळ लागतात, पण रसात ना रंग उतरतो ना गोडी. शिवाय ही जात उशिरा पिकते. तोडणी बहुधा ऑक्टोबरपर्यंत लांबते आणि त्या सुमारास पाऊस आला की घड सडू लागतात. असे द्राक्ष कोणी का लावावे, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे.

वेर्मिओ पर्वताच्या उतारावरील नाउसा हे गाव या जातीचे मुख्य ठाणे होय. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात फिलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या अमेरिकन किडीने तेथील मळे उजाड केले. त्यात युद्धांची भर पडली. या किडीवर उपाय एकच होता : अमेरिकन खुंटावर देशी वेलीचे कलम करणे. (आपण डॉगरिज खुंट वापरतो तो प्रामुख्याने पाण्याचा ताण व क्षार यांसाठी, कलमाचे तत्त्व तेच.) नवी लागवड करावयाची तर जुनीच अवघड जात पुन्हा का लावावी, हा पेच होता. आज त्या परिसरात पीचच्या बागाही पुष्कळ दिसतात. तथापि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यान्निस बुतारिस यांनी नाउसाजवळील यान्नाकोहोरी येथे क्सिनोमाव्रोचे नवे मळे उभे केले. पुढे १९७१ साली कायद्याने असे ठरले की, ‘नाउसा’ हे नाव त्याच परिसरातील निव्वळ क्सिनोमाव्रोच्या वाइनलाच द्यावे. ज्याला फ्रेंच जातीचे मिश्रण करावयाचे असेल त्याने ते खुशाल करावे, पण गावाचे नाव लावू नये. माझ्या मते या निर्बंधाचे महत्त्व फार मोठे आहे. जात आणि गाव यांची त्याने गाठ बांधली.

कायद्याने नाव मिळते, चव मिळत नाही. ती मळ्यात मिळवावी लागते. जमीन हलकी व निचऱ्याची निवडणे, पाणी बेताने देणे, घडांची विरळणी करणे आणि केवळ रसातील साखर न पाहता बिया चावून त्यांचा हिरवट तुरटपणा गेला की नाही हे पाहणे, ही कामे टाळता येत नाहीत. एवढे केल्यावर वाइन लाकडी पिंपात व पुढे बाटलीत काही वर्षे मुरू दिली, म्हणजे तोच आंबटपणा व तुरटपणा तिला टिकाऊपणा देतो. पर्वताच्या पलीकडे अमिंदेओ येथे उंची सुमारे ६०० मीटर, हवा थंड व जमीन वाळूची आहे. वाळूत फिलॉक्सेराला थारा मिळत नाही, म्हणून तेथे स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली आढळतात. तेथील फिकट रंगाच्या आंबट द्राक्षापासून गुलाबी व फेसाळ वाइनही करतात.

क्रीटमधील उपाय निराळा आहे. तेथील कोत्सिफालीत गोडी व सुवास आहे पण रंग नाही; मांदिलारियात रंग व तुरटपणा भरपूर, मात्र गोडी कमी. म्हणून दोघींचे मिश्रण करतात. पात्रासची माव्रोदाफ्नी गोड असते; आंबवण अर्धी झाली असता मद्यार्क घालून ती थांबवितात व साखर शिल्लक ठेवतात.

पेलोपोनीजमधील नेमेआ येथे आयोर्यितिको, म्हणजे संत जॉर्जचे द्राक्ष, पिकते. ग्रीसमधील काळ्या वाइन-द्राक्षांत हिची लागवड सर्वांत अधिक. रंग गडद, तुरटपणा मऊ. मळे सुमारे २५० मीटरपासून ९०० मीटरच्या आसपासपर्यंत पसरले आहेत. खालच्या सकस जमिनीत पीक भारी येते पण रस पातळ व आंबटपणा अपुरा. अगदी वर आंबटपणा राहतो, पण पिकणे रेंगाळते. मधल्या उतारांना बहुधा अधिक पसंती मिळते. उन्हाळे अधिक कडक होऊ लागल्यामुळे वरच्या जमिनींकडेही आता लक्ष वळले आहे.

या जातीचे खरे दुखणे विषाणूंचे आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मळ्यांतून काड्या नेल्या आणि त्यांबरोबर रोगही नेला. पाने वळविणाऱ्या विषाणूची बाधा झाली की रंग धरत नाही व गोडी उशिरा भरते. त्या वेलीवर औषध नाही. निरोगी काडीची लागवड हाच मार्ग आहे आणि जुने मळे बदलण्यास वर्षे लागतात. तोडणीच्या सुमारास काही वेलींची पाने कडांनी आत वळून अकाली लाल होतात. पाहुण्याला ते दृश्य रम्य वाटते. अशा वेलीला तेव्हाच खूण करून ठेवावी लागते, कारण छाटणीच्या वेळी पाने गळालेली असतात आणि रोगी काडी निरोगी काडीपासून ओळखू येत नाही.