प्रेरणा, पारितोषिक आणि डोपामिन : सर्पगंधा व खाजकुयली यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : डोपामिन, प्रेरणा, पारितोषिक, रिसर्पिन, एल-डोपा

सावंतवाडी परिसरातील कुंपणांवर चढणारी खाजकुयली सर्वपरिचित आहे. तिच्या कुसळांचा प्रसाद बालपणी न मिळालेला माणूस विरळाच. सर्पगंधा मात्र बेसुमार तोडीमुळे रानातून दुर्मीळ होत गेली. मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य उलगडण्यात या दोन्ही वनस्पतींमध्ये आढळणाऱ्या द्रव्यांचा वाटा आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांच्या १९५७ च्या प्रयोगांत रिसर्पिन दिलेले प्राणी निश्चल झाले आणि डोपा टोचताच थोड्या वेळात पुन्हा हालचाल करू लागले. रिसर्पिनने रिता केलेला डोपामिनचा साठा डोपामुळे भरून निघाला होता. हेच एल-डोपा दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केले होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा होय. केंट बेरिज व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत डोपामिन नष्ट झालेले उंदीर समोरचे अन्न खात नसत. परंतु तोंडात साखरेचे पाणी सोडल्यास चव आवडल्याच्या खुणा त्यांच्या मुद्रेवर उमटत. म्हणजे आवड शाबूत होती, ओढ मात्र नाहीशी झाली होती. वुल्फ्राम शुल्त्स यांना माकडांच्या मेंदूत याहून सूक्ष्म गोष्ट आढळली. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिनपेशी उत्तेजित होत. संकेतानंतर रस मिळतो हे कळल्यावर त्या रसाला नव्हे, तर संकेतालाच प्रतिसाद देत. आणि ठरल्या वेळी रस न आल्यास मंदावत. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरकच जणू त्या मोजत असतात.

कंपवाताच्या रुग्णांच्या बाबतीत हा भेद जाणणे अगत्याचे ठरते. डोपामिनसदृश औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराची वा खरेदीची अनावर ओढ लागते. उतारवयात बिघडलेली चालचलणूक म्हणून घरचे लाजेपोटी ते लपवतात आणि डॉक्टरांपर्यंत ही माहिती पोहोचतच नाही. वास्तविक मात्रा कमी केल्यास वा औषध बदलल्यास ही ओढ पुष्कळदा ओसरते. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करावयाचा असतो, कारण औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. कुंपणावरील खाजकुयलीच्या बिया हा त्याला पर्याय नव्हे. त्यांतील एल-डोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते.