गोदामाचा भराव आणि संगणकातली मापे



मागच्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले होते, "गोदामाचं बिल अंदाजपत्रकापेक्षा एवढं फुगलं कसं?" व्यासपीठावरून उत्तर गेले की भराव जास्त लागला. उत्तर खोटे नव्हते. पण किती जास्त लागला आणि का लागला, ते कागदावर दाखवा असे कोणी म्हटले असते, तर आम्हा बांधकाम विभागाच्या मंडळींची पंचाईत झाली असती. जागेच्या मूळ पातळ्या आम्ही तीनच ठिकाणी घेतल्या होत्या. त्यावर मुरूम पडला, मुरमावर काँक्रीट, काँक्रीटवर साखरेची पोती. आता खाली जमीन कशी होती हे कोणी सांगायचे?

हिशेब करून पाहा. ६० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद गोदाम धरा. क्षेत्र झाले १४४० चौरस मीटर. मूळ जमिनीची पातळी सरासरी ३० सेंटिमीटरने, म्हणजे साधारण एका फुटाने चुकली, तर भरावात ४३२ घनमीटरांचा फरक पडतो. आपल्या भाषेत दीडशे ब्रासच्या वर. एक फूट उतार बांधावर उभे राहून नजरेलासुद्धा येत नाही. तेवढ्यात कंत्राटदार तरी बुडतो नाहीतर आपण तरी, आणि कोण बुडाले हे मागाहून ठरवता येत नाही.

आता दुसरे गोदाम बांधायचे घाटते आहे. तेव्हा मापांची काही वेगळी रीत आहे का, हे पाहायला संचालक मंडळाने आम्हाला सांगितले. त्या शोधात जे सापडले त्याचे नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात 'बिम'. (हा तुळईचा बीम नव्हे. आमच्या कचेरीत पहिले दोन दिवस याच गोंधळात गेले.)

कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. त्या रेघांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसते. ते ओव्हरसियरला ठाऊक असते. तो लांबी, रुंदी, उंची उतरवतो, गुणाकार करतो, गोषवारा काढतो आणि दरसूचीतला दर लावतो. बिममध्ये इमारत संगणकात उभीच करतात. तिथल्या भिंतीला स्वतःची लांबी, जाडी, वीट, गिलावा सगळे चिकटलेले असते. इमारतीचा सातबाराच म्हणा ना. खिडकी एका जागेवरून काढली, तर भिंतीचे, गिलाव्याचे आणि लिंटेलचे माप आपोआप बदलते. जुन्या रीतीत सुधारित नकाशा येतो, पण मापांचा तक्ता जुन्या नकाशाचाच राहून जातो. अशा चुका आमच्या हातून झालेल्या आहेत, लपवण्यात अर्थ नाही.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेतले चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते की इमारतीचे असे वर्णन संगणकात असेल तर सामानाची मापे आणि खर्च त्यातूनच काढता येईल. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या कामांना एप्रिल २०१६ पासून ही पद्धत सक्तीची झाली. आपल्या नागपूर मेट्रोच्या कामात तर मॉडेलला वेळ हे चौथे आणि खर्च हे पाचवे अंग जोडले होते. मेट्रो कुठे आणि आपले गोदाम कुठे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटले. म्हणून आधी बांधून झालेल्या गोदामावरच प्रयोग केला. नकाशांवरून त्याचे मॉडेल एका जाणकाराकडून करून घेतले आणि आमच्या मोजमाप पुस्तकाशेजारी ठेवले.

पहिला फरक सापडला काँक्रीटमध्ये. आमच्या तक्त्यात कॉलमची पूर्ण उंची धरली होती आणि तुळयांची लांबी कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत. म्हणजे दोन्ही जिथे भेटतात तो तुकडा दोनदा मोजला गेला. तुकडा तो केवढा? ३० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. पण ४२ कॉलम आणि प्रत्येकावर तीन पातळ्यांवर तुळया, म्हणजे १२६ सांधे. सगळे मिळून साडेसात घनमीटरांच्या वर काँक्रीट. एवढे पैसे आपण हवेला दिले.

दुसरा फरक उलट्या बाजूचा निघाला, आणि तो मुद्दाम सांगतो, कारण 'आता कंत्राटदाराची चोरी पकडली जाईल' असे काही जण म्हणू लागले आहेत. गिलाव्याच्या मापाला भारतीय मानक १२०० चा नियम आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची, कारण खिडकीच्या आतल्या कडांना गिलावा करावा लागतोच. मॉडेलला हा नियम कोणी सांगितला नव्हता. १.२ बाय १.५ मीटरच्या खिडकीपोटी वजावट १.८ चौरस मीटर व्हायला हवी. त्याने दोन्ही बाजूंची ३.६ केली. ती मापे तशीच मान्य केली असती तर गवंड्याच्या घामाचे पैसे आपण कापले असते.

तिसरी गोष्ट भरावाची, जिच्यावरून हे सगळे सुरू झाले. तिथे मॉडेल गप्पच बसले. जमिनीच्या पातळ्या तीनच होत्या, मग ते तरी काय सांगणार? त्याने तीन बिंदूंवरून एक सपाट उतार धरला आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे देऊन घनमीटर छापून दिले. छापील आकडा पाहिला की माणसाला खरा वाटतो, आम्हालाही क्षणभर वाटला. आमचे जुने ओव्हरसियर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मशीन गुणाकार करील हो, पण मुरूम पाणी मारून दाबला का नाही, हे त्याला कोण सांगणार?" मुद्दा बरोबर आहे. ट्रकमधला सैल मुरूम आणि रोलरखाली दबलेला मुरूम यांचे माप एक नसते.

ओव्हरसियरसाहेबांना वाटत होते की आता आपले काम संपले. तीस वर्षे टेप धरलेल्या माणसाला तसे वाटणे साहजिक आहे. पण खिडकीची चूक त्यांनीच पकडली, आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती. वजनकाटा आला तेव्हा काटेवाल्याची गरज काही संपली नाही. उलट काटाच तपासून घ्यावा लागतो. तसे प्रत्येक देयकाच्या वेळी निवडक बाबी टेपने मोजून मॉडेलशी ताडायच्या, आणि हे काम त्यांच्याकडेच राहावे अशी आम्ही शिफारस केली आहे.

संगणकाचा महागडा प्रोग्रॅम विकत घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. दर दोन-चार वर्षांनी एखादे बांधकाम काढणाऱ्या कारखान्याला ते परवडायचे नाही. मॉडेल बाहेरून करून घ्यावे, मात्र ते कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा आयएफसी या खुल्या स्वरूपात आपल्या ताब्यात असावे. मापे कोणत्या नियमाने धरायची, आणि नकाशा व मॉडेल यांत तफावत आली तर कोणते खरे मानायचे, हे निविदेतच लिहावे. काम अर्धे झाल्यावर यावरून वाद घालण्यात गाळपाचा हंगाम निघून जातो. एका संचालकांनी विचारले, "एवढं करून खर्च कमी होईल का?" आम्ही होकार दिला नाही. भराव जेवढा लागायचा तेवढा लागेलच. फक्त सभेत कोणी विचारले तर उत्तर कागदावर असेल.

पहिले काम मात्र संगणकाचे नाही, लेव्हल मशीनचे आहे. नव्या जागेवर मुरमाचा पहिला ट्रक येण्याआधी चार-चार मीटरवर, एकूण ११२ ठिकाणी पातळ्या घेणार आहोत. कंत्राटदाराचा माणूस हजर असेल आणि लेव्हल बुकावर त्याची सही घेऊ. दिवस ठरला की गट कार्यालयांच्या फलकावर सूचना लागेल. ज्या सभासदांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे, त्यांच्याही सह्या घेऊ. मागच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या सभासदांना आम्ही स्वतः जाऊन निरोप देणार आहोत. येताना टोपी घालून या, त्या जागेवर एकही झाड नाही.