भाजलं? घाटकोपर येईपर्यंत हात नळाखालीच!

अंधेरीत चटका बसायला निमित्त लागत नाही. स्टेशनबाहेर वडे तळणारी कढई, सिग्नलला पोटरीला टेकलेला बाइकचा सायलेन्सर, घरात कुकरची वाफ, फोडणीचं उडालेलं तेल, इस्त्री. चटका बसला की घराघरात पहिला हात जातो टूथपेस्टकडे, नाहीतर हळदीच्या डब्याकडे. तो हात नळाकडे वळला, तर निम्मं दुखणं तिथेच टळतं.

किती वेळ? वीस मिनिटं. वर्सोव्याला मेट्रोत बसून घाटकोपरला उतरायला साधारण लागतात तेवढी! आपण दोन मिनिटांत हात काढून घेतो, तेव्हा गाडी डी. एन. नगरच्या आसपासच असते. कढईपासून हात दूर झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत आत उतरत राहते. वाहतं गार पाणी तीच ओढून घेतं, म्हणून आग कमी होते आणि जखम खोल जायची राहते. लगेच जमलं नाही? तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. मूल लहान असेल तर भाजलेला भागच पाण्याखाली धरा, बाकी अंग पांघरुणात ऊबदार राहू द्या.

मे महिन्यातली दुपार असेल तर गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देईल इतकं तापलेलं असतं. आधी ते वाहून जाऊ द्या, नाहीतर सरळ पिंपातलं किंवा माठातलं पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. नळाला पाणी नसलं तरी हाच उपाय. भांडुपला शुद्ध होऊन वेरावलीच्या जलाशयातून आपल्याकडे येणारं हे साधं पाणी म्हणजे भाजण्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपचार आहे.

बर्फ नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला दुसरी इजा होते. तूप, खोबरेल, कणीक, शाई, टूथपेस्ट हेही नको. तुपा-तेलाचा थर ऊब आत कोंडतो, आणि डॉक्टरांना जखम पाहायची तर आधी तो लेप खरवडावा लागतो. त्या वेदना कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

पाच सेकंद! 60 अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला एवढाच वेळ पुरतो. 70 अंशांना एक सेकंदही लागत नाही. मुलांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वेळ आणखी कमी. सर्दी झालेल्या मुलासमोर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून वाफारा देणं म्हणूनच धोक्याचं. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवणंही.

सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार सांगितले: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. आजचे डॉक्टरही खोलीवरूनच भाजणं मोजतात. मात्र प्लुष्टावर, म्हणजे वरवरच्या चटक्यावर, त्याने शेक द्यायला सांगितलं आहे. इथे आजचं वैद्यक नेमकं उलटं सांगतं, आणि ऐकायचं ते आजचं.

सिनेमावाल्यांची पट्टी. 7 जुलै 1896 रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं झळकली. त्याच भावांपैकी ऑग्युस्तने पुढे, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, जखमेला न चिकटणारी पॅराफिनची जाळीदार पट्टी तयार केली. आजही केमिस्टकडे तशी पट्टी मिळते. स्टुडिओंच्या अंधेरीने हे माहीत करून घ्यायलाच हवं! बँड-एडचा जन्मही स्वयंपाकघरातलाच. 1920 मध्ये अमेरिकेत अर्ल डिक्सन यांनी ती बनवली, कारण त्यांच्या पत्नीला स्वयंपाक करताना सारखं कापायचं, भाजायचं.

पण मला सगळ्यात अभिमान वाटतो तो परळ आणि शीवचा. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांसाठी चक्क बटाट्याच्या साली वापरल्या. गॉजवर साली चिकटवून, निर्जंतुक करून त्याची पट्टी बनवायची. जखम ओलसर राहते आणि पट्टी काढताना मूल कळवळत नाही. 1985 मध्ये त्यांचा निबंध भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. 2003 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात केळीचं पान बटाट्याच्या सालीइतकंच गुणकारी ठरलं, आणि 11 पट स्वस्त! महागडी आवरणं न परवडणाऱ्या रुग्णांसाठी आपल्या महापालिकेच्या रुग्णालयात हे काम झालं. शीवची त्वचापेढीही डॉ. गोरे यांनीच 2000 साली उभी केली. मात्र ही पानं आणि साली रुग्णालयात निर्जंतुक केलेल्या असतात. भाजीवाल्याकडून आणलेलं पान घरी जखमेवर बांधू नका.

पाण्यानंतर काय? अंगठी, बांगड्या, घड्याळ तर सूज चढण्याआधीच, पाणी ओततानाच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका, कारण खालच्या नाजूक कातडीवरचं ते निर्जंतुक झाकण आहे. वर स्वच्छ सुती कापड किंवा डबे झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक अलगद ठेवा, आवळू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारा.

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठं भाजलं, चेहरा, सांधे किंवा गुप्तांगावर भाजलं, विजेने किंवा रसायनाने भाजलं, कातडी पांढरी पडून दुखेनाशी झाली, किंवा बाळ, वृद्ध अथवा मधुमेही भाजले, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतत राहा. साधा लाल चटका आठवड्याभरात बरा होतो. दोन आठवड्यांनीही जखम भरली नसेल, तर प्लास्टिक सर्जनला दाखवा.