ज्याची त्याची ढाल

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्यानं निघालं की पैनगंगेच्या अलीकडं कनेरगाव नाका लागतो. मराठवाडा इथं संपत येतो, नदीपलीकडं विदर्भ सुरू होतो. चहा घ्यावा, पाय मोकळे करावेत, एवढ्यापुरताच मी इथं थांबत आलो आहे. या खेपेला चहा उकळेपर्यंत शेजारच्या रेडियमच्या दुकानात डोकावलो आणि तासभर तिथंच रेंगाळलो.

एका जीपच्या मागच्या काचेसाठी राजमुद्रा कापणं चाललं होतं. यंत्राचं पातं रोलवर सरसर फिरतं, पण खरं काम त्यानंतरचं. कापलेल्या अक्षरांमधला नको तो भाग चिमट्यानं उपटून काढायचा. 'द्र'च्या पोटातला कण राहून गेला तर लांबून अक्षर बुजलेलं दिसतं. मग काचेवर साबणाचं पाणी, त्यावर स्टिकर, आणि पट्टीनं मधून कडेकडं दाबत हवा काढायची. पोरगा हे सगळं गाणं ऐकत करत होता. "अशा दिवसाला किती निघतात?" मी विचारलं. "लग्नसराईत मोजायलो न्हाई," तो म्हणाला.

गंमत अशी की ती अष्टकोनी मुद्रा तिच्या काळी या मुलखातली सर्वांत वेगळी खूण होती. आजूबाजूचे शिक्के फारसीत असताना ही संस्कृतात. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, शहाजीपुत्र शिवाजीची, लोकांच्या कल्याणासाठी असलेली, असं ती स्वतःविषयी सांगते. ती कागदाच्या माथ्यावर उमटायची आणि मजकूर संपला की खाली मोर्तब व्हायचं, म्हणजे त्यापुढं कुणी ओळ घुसडू नये. एका माणसाची, एका दफ्तराची, दुसऱ्या कुणी वापरली तर गुन्हा ठरेल अशी ती खूण आता नाक्यावरच्या दर तिसऱ्या गाडीवर आहे. यात आदर आहे हे मला कळतं. पण गाडी कुणाची, हे तेवढं त्यातून कळत नाही.

नेमकं उलट टोक अमेरिकेत आहे. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत डायना पॅक्सन या पुढं लेखिका झालेल्या तरुणीच्या परसात काही मित्रमंडळी मध्ययुगीन कपडे घालून जमली आणि लाकडी तलवारींनी खेळली. त्या एका दुपारच्या मौजेतून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम' ही संस्था उभी राहिली. आज तिची वीस 'राज्यं' आहेत. टेक्सासचं नाव अँस्टियोरा, युरोपचं ड्राखेनवाल्ड, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं लोखॅक. राजा निवडणुकीनं ठरत नाही. चिलखत घालून, वेताच्या तलवारींनी खेळून जो जिंकेल तो काही महिने राजा, मग पुन्हा लढत. पेनसिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात त्यांचं 'युद्ध' भरतं, त्याला हजारोंनी लोक येतात. कुणी प्रोग्रॅमर, कुणी नर्स, कुणी प्लंबर. तंबूत राहायचं आणि घेतलेल्या नावानं जगायचं.

हे वाचून आपल्याकडचा माणूस हसेल. पण दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे उभे करणाऱ्यानं आणि ६ जूनला रायगड चढणाऱ्यानं जपून हसावं.

मला या संस्थेत राजांपेक्षा तिथल्या चिन्हांच्या दफ्तराचं अप्रूप वाटतं. तिथल्या प्रत्येक सभासदाला एक नाव आणि एक ढालचिन्ह नोंदवता येतं. नाव १६०० सालापूर्वीच्या जगात खरोखर असू शकलं असतं, याचा पुरावा जोडावा लागतो. मराठी माणसानं तिथं जावं म्हटलं तर शिवकाळ चुकतो. महाराजांचा जन्मच १६३० चा. वेरूळच्या मालोजीराजांच्या शेजारचा एखादा निजामशाही शिलेदार व्हावं लागेल. चिन्हाचा कागद रंगवून द्यायचा, सोबत ते शब्दांत लिहायचं, आणि ते शब्द असे हवेत की चित्र न पाहता दुसऱ्याला तंतोतंत तेच काढता यावं. सोनेरी व पांढरा हे धातू, तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. नियम जुन्या युरोपचाच, आणि कारण साधं: पिवळ्यावर पांढरं काढलं तर धुळीत, लांबून, घोड्यावरून कोण ओळखणार? आपल्या रेडियमवाल्याला हे कुणी शिकवलेलं नाही, तरी काळ्या काचेवर निळा रोल तो लावत नाही. "दिसत न्हाई" एवढंच म्हणतो.

मग तो कागद हेराल्ड मंडळींकडं जातो. हेराल्ड म्हणजे आपल्याकडचा भालदार आणि दफ्तरदार एकाच अंगरख्यात. आधीच्या हजारो नोंदींशी ते चिन्ह ताडून बघतात. ठळक फरक नसेल तर अर्ज परत. एखाद्या राष्ट्राचं किंवा जगप्रसिद्ध घराण्याचं चिन्ह उचललं असेल तरी परत. सगळ्यांत वरचा अधिकारी 'लॉरेल' म्हणून ओळखला जातो आणि अखेरचा निकाल त्याच्या कचेरीचा. यात महिने जातात. पगार कुणालाच नाही.

ढालीच्या पुढची पायरी म्हणजे पूर्ण कुलचिन्ह, 'अचीव्हमेंट'. ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर तुरा, खांद्यांवरून लोंबणारं फाटकं वस्त्र, दोन्ही बाजूंना ढाल तोलून धरणारे प्राणी. यातलं काय लावायचं, ते तुम्ही काय मिळवलंत यावर आणि आपापल्या राज्याच्या कायद्यावर ठरतं. पहिला मान मिळेपर्यंत तुमच्या चित्राला 'आर्म्स' म्हणायचीसुद्धा मुभा नसते, ते नुसतं 'डिव्हाइस'. लढवय्या सरदार झालात तर पांढरा कमरपट्टा आणि सोन्याची साखळी. कलाकुसरीसाठी लॉरेल नावाचाच वेगळा मान, सेवेसाठी पेलिकनचा. बाजारात पांढरा पट्टा कुणालाही मिळतो. मेळ्यात मात्र तो न मिळवता बांधलात तर चार लोक येऊन हळू आवाजात सांगतात.

हा प्रकार आपल्याला परका नाही. आपल्याकडं मान ढालीवर चितारत नसत, तो माणसाच्या आगेमागे चालवत. अबदागीर, मोर्चेल, चौरी, निशाण, नौबत, पालखी, शिक्केकट्यार. यातली एकेक गोष्ट दरबारातून मिळायची आणि काढूनही घेतली जायची. जरीपटका कुणापुढं चालतो, यावरून फौजेत माणसाची जागा समजे. पावनखिंडीनंतर मानाची पहिली तलवार जेध्यांना विचारून बांदलांकडं गेली, असं सांगतात. मानाची उतरंड बदलायची तर आधीच्या मानकऱ्याला विचारावं लागतं, ही त्या गोष्टीतली खरी खोच आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडननं सिंहासनाच्या दोन बाजूंना भाल्यांच्या टोकांवर काय काय होतं ते टिपून ठेवलं. सोन्याची मोठ्या दातांची माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या, समतोल असलेला सोन्याचा तराजू. इंग्रज असल्यामुळं त्याला ते वाचता आलं. हा राजाचा 'अचीव्हमेंट' आहे, हे त्यानं नजरेनंच ओळखलं असणार.

पण दोनशे वर्षांनी त्याच इंग्रजांनी आमच्या राजांसाठी नवीन चिन्हं बेतली, आणि तिथं मात्र खेळ बिघडला.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' जाहीर केलं. मंडप, तुताऱ्या, मध्ययुगीन अंगरख्यात मुख्य हेराल्ड. त्या कामासाठी सैन्यातला उंचात उंच म्हणून गाजलेला अधिकारी, मेजर बार्न्स, निवडला होता. बर्कलीच्या परसातल्या मंडळींच्या ८९ वर्षं आधी भरलेला हा मध्ययुगाचाच खेळ. फरक इतकाच की खेळणाऱ्यांना तो खेळ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या हौशी माणसानं संस्थानिकांसाठी सुमारे नव्वद चिन्हं तयार केली. ती रेशमी साटिनच्या निशाणांवर भरून एकेका राजाला भेट दिली. पितळी दांड्यामुळं ती इतकी जड झाली की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे स्कॉटिश शिपाई लागत. हे लिटननं स्वतःच राणीला कळवलं, आणि राजांना पुढं ती हत्तीवरच चढवावी लागतील, असंही. समारंभाचं चित्र काढायला आणलेला व्हॅल प्रिन्सेप हा चित्रकार तो सगळा थाट पाहून हबकला होता.

टेलरनं काम मन लावून केलं हे मान्य. घराण्याची दैवतं, दंतकथा, मुलूख, पिकं, सगळं त्यानं शोधलं. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला नाग आले. घराण्यातल्या पूर्वजावर फणा धरणाऱ्या नागाची गोष्ट त्यामागं सांगतात. होळकरांच्या इंदूर संस्थानचं चिन्ह मात्र मला जवळचं वाटतं. घोडा, नंदी, छत्री, आणि गव्हाच्या लोंबीशेजारी अफूचं बोंड. माळव्याचं उत्पन्न कशावर चालतं हे त्यात लपवलेलंच नाही. बडोद्याच्या गायकवाडांचं वाक्य आहे 'जीन घर, जीन तख्त'. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन, म्हणजे घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या मराठ्यांचं अख्खं चरित्र चार शब्दांत. त्या दिवशी त्या तख्ताचे धनी होते सयाजीराव. दीड वर्षापूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आणलेले, वय अवघं तेरा. त्यांना तिथं 'फर्जंद-ए-खास' ही पदवी मिळाली, इंग्रजी राज्याचा खास पुत्र. कवळाण्यातल्या आईला हे कुणी कसं समजावून सांगितलं असेल, कोण जाणे.

आणखी एक पोर तिथं होतं, दहा वर्षांचं. हैदराबादचा निजाम मीर महबूब अली खान. इथं कनेरगावच्या माणसाचा संबंध येतो. ही पैनगंगा तेव्हा नुसती नदी नव्हती. दक्षिणेला निजामाचं राज्य, उत्तरेला वऱ्हाड. १८५३ साली इंग्रजांनी ते फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून घेतलेलं. हैदराबादेत जकातीला करोडगिरी म्हणत आणि सीमेच्या वाटांवर तिचे नाके असत. निजामाचा दिवाण सालारजंग १८७६ साली वऱ्हाड परत मागायला विलायतेला जाऊन आला होता. मिळालं काय? बाळराजाला दिल्लीचं आमंत्रण. वऱ्हाड कधीच परत आलं नाही. १९३६ साली शेवटच्या निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' असं म्हणवून घ्यायची तेवढी परवानगी मिळाली, आणि त्याचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. मुलूख गेला, मुलुखाची पदवी राहिली. चिन्हांचा व्यवहार असाही होतो.

निजामाच्या स्वतःच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध मात्र जे होतं ते कुण्या टेलरला सुचलं नसतं. तिथं होता एक कुलचा. पहिल्या निजामानं औरंगाबादच्या एका संताच्या हातून सात कुलचे खाल्ले आणि संतानं सात पिढ्यांचं राज्य सांगितलं, अशी आख्यायिका. सिंह नाही, गरुड नाही, पोटाला मिळालेली भाकर. १७ सप्टेंबर १९४८ ला तो झेंडा उतरला.

दिल्लीच्या त्या मंडपात साटिनच्या निशाणांमध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशीही होते, सार्वजनिक काका. हाती काढलेल्या सुताची खादी नेसून ते आले होते आणि सभेचं मानपत्र घेऊन उभे राहिले. दख्खनात तेव्हा दुष्काळ पडला होता. त्या दिवशी त्या मंडपात स्वतःचं कुलचिन्ह स्वतः बेतून आलेला एवढा एकच माणूस मला दिसतो.

टेलरची बरीच चिन्हं आज पत्रांच्या माथ्यावरच्या छापांत, शाळांच्या बिल्ल्यांवर, हॉटेल झालेल्या वाड्यांच्या कमानींवर उरली आहेत. ती नोंदणारं दफ्तर संपलं, आणि चूक झाली तर हटकणारंही कुणी उरलं नाही. अमेरिकेतल्या प्लंबराची ढाल मात्र आजही कुणी तरी फुकटात ताडून पाहतं.

मी हे सगळं रेडियमवाल्याला सांगायच्या भानगडीत पडलो नाही. फक्त विचारलं, "एकच डिझाइन दहा गाड्यांवर लावताना गिऱ्हाईक काही म्हणत नाही?" "उलट म्हणतेत, त्याच्यासारखंच पाहिजे," तो म्हणाला. मला वाटलं, विषय इथंच संपला.

तेवढ्यात ट्रॅक्टर थांबला. पन्नाशीचा शेतकरी, खांद्यावर टॉवेल. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लावायला मोराचं पीस हवं होतं. पोरानं संगणकावर बासरी आणि पीस काढून दाखवलं.

"बासरी नको बापू. निस्तं पीस."

"बासरीबिगर चांगलं दिसत न्हाई, काका."

"दिसू नको. देवक हाय आमचं."

देवक म्हणजे लग्नात मांडवात पुजतात ती कुळाची खूण. कदमांचा कळंब, साळुंख्यांचं साळुंकीचं पीस, पवारांची तलवारीची धार. एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. ज्या चिन्हातून आडनावच ऐकू येतं त्याला युरोपातल्या हेराल्डांनी वेगळं नाव ठेवलंय आणि त्यावर पानंच्या पानं लिहिलीत. काकांचं आडनाव मी विचारलं नाही, पिसावरून कळलं होतं.

पोरानं हिरवा रोल लावला, मधल्या डोळ्याला निळा. दोनशे म्हणाला, दीडशेवर तुटलं. काका उतरून फळीवरची धूळ टॉवेलनं पुसायला लागले.