बारीपूर्वी दोन मिनिटे श्वासाची

गणपती जवळ आले की मालवण-कुडाळकडे भजनी मंडळांचा सराव रंगतो. डबल बारीत समोर दुसरे बुवा आणि भोवती दर्दी श्रोते असतात. छातीत धडधड होणे, हातांना घाम सुटणे स्वाभाविकच. पण भीतीने खांदे आवळतात, पखवाजावर थाप गरजेपेक्षा जोरात पडते आणि सरावाने थकलेले मनगट आणखी दुखावते.

इथे सजगता उपयोगी पडते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तिचा वापर सुरू केला. कृती सोपी आहे. पखवाजाला कणीक लावण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसावे. श्वास सावकाश सोडावा. जबडा, खांदे, मनगट कुठे आवळले आहे ते पाहून सैल करावे. धडधड थांबवण्याचा आटापिटा करू नये; लक्ष पुन्हा श्वासाकडे आणावे. सरावातही अधूनमधून हात थांबवून असेच पाहावे.

मात्र सजगता म्हणजे दुखणे सोसणे नव्हे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांचे पियानोवादक होण्याचे स्वप्न उजव्या हाताच्या दुखण्याने तरुणपणीच संपले. मुंग्या, बधिरपणा किंवा विश्रांतीनंतरही न थांबणारी वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बारी पुन्हा लागेल. त्यासाठी हात शाबूत हवा.