हवाई सेवकांची कैफियत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, साहुकारपेठेच्या अरुंद गल्ल्यांतून, विटा-खानापूर भागातील सोन्याचांदीची गलाई करणारी मराठी कुटुंबे दीर्घकाळ राहत आली आहेत. आणि गावच्या यात्रेसाठी वा लग्नकार्यासाठी एकेकाळी आगगाडीवर विसंबणारा हा वर्ग आता पुण्या-मुंबईपर्यंत विमानाने ये-जा करू लागल्यामुळे, १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस एअर इंडियाचे विमान कोसळून २६० माणसे दगावल्यानंतर, मुशीतले सोने वितळेपर्यंतच्या रिकाम्या वेळात विमानांची चर्चा रंगावी हे ओघानेच आले. त्याच सुमारास त्या कंपनीच्या दोन अनुभवी हवाई सेवकांनी पंतप्रधानांस लिहिलेल्या पत्राची वार्ता प्रसिद्ध झाली. १४ मे २०२४ रोजी मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचलेल्या ड्रीमलायनरचा दरवाजा रीतीप्रमाणे उघडला असताही त्याची आपत्कालीन घसरपट्टी बाहेर फेकली गेली, आणि त्याविषयीची आपली जबानी फिरविण्यास नकार दिल्यामुळे आपणांस बडतर्फ केले गेले, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरा की खोटा याचा निवाडा करण्याचा अधिकार या लेखास नाही. परंतु त्या निमित्ताने जे समज लोकांत रूढ असल्याचे दिसले, त्यांची रुजवात घालणे अगत्याचे आहे.

‘चहा-नाश्ता देणाऱ्यांस यंत्रातले काय कळणार,’ हा त्यांतील सर्वांत जुना समज, आणि तो जोपासण्यात कंपन्यांचा हातभार थोडाथोडका नाही. एअर इंडियाच्या हवाई सेविकेस पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरीतून निवृत्त करणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द ठरविला, तोवर तो राजरोस अमलात होता. वस्तुतः साधारणपणे दर पन्नास आसनांमागे एक सेवक असावाच लागतो तो भोजनव्यवस्थेसाठी नव्हे. निम्मे दरवाजे निकामी आहेत असे धरून नव्वद सेकंदांत सारे विमान रिकामे करता आले पाहिजे, ही जी मोठ्या प्रवासी विमानांची कसोटी, ती प्रत्यक्ष संकटात पार पाडणारा हाच वर्ग होय.

दरवाजाचेच पाहा. उड्डाणापूर्वी सेवक दरवाजावरील खटका फिरवून तो ‘आर्म’ करतो, म्हणजे दरवाजात घडी करून ठेवलेल्या घसरपट्टीचे टोक उंबरठ्याशी जखडले जाते. मग आतून दरवाजा उघडताच पट्टी ओढली जाऊन वायूच्या दाबाने काही क्षणांत फुगते. विमान फलाटाशी लागल्यावर ‘डिसआर्म’ करण्याचा हुकूम होतो, तेव्हा प्रत्येकाने आपला खटका उलट फिरवायचा आणि समोरच्या सोबत्याचा डोळ्यांनी पडताळायचा. इतके होऊनही पट्टी सुटली, तर दोनच शक्यता उरतात: माणसाची चूक किंवा यंत्राचा दोष. खटका कोणत्या स्थितीत होता याची जबानी दरवाजाशी उभा असणाराच देऊ शकतो. म्हणून त्याची जबानी यंत्राच्या तपासणीशेजारी मांडावयाची असते, तिच्याऐवजी नव्हे.

‘तेथे वैमानिक असतो, त्याला सारे दिसते,’ असे म्हणणाऱ्यांस १९८९ सालातील दोन दुर्घटना सांगितल्या पाहिजेत. ८ जानेवारीस इंग्लंडमधील केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचे विमान पडून ४७ प्रवासी मरण पावले. बिघाड डाव्या इंजिनात होता. वैमानिकांनी उजवे बंद केले आणि तसे ध्वनिक्षेपकावरून सांगितलेही. डाव्या बाजूच्या ज्वाळा मागे बसलेल्या प्रवाशांना आणि सेवकांना दिसल्या होत्या, पण ती विसंगती वैमानिकांच्या कानी घालण्यास कोणी गेले नाही. दोनच महिन्यांनी कॅनडातील ड्रायडन येथे पंखांवर बर्फ साचलेले असताना निघालेले विमान पडून २४ जण गेले. बचावलेल्या सेविकेने ते बर्फ पाहिले होते, परंतु असली सूचना वैमानिकांस रुचत नाही या धारणेने ती गप्प राहिली. अर्थात प्रत्येक दोष डोळ्यांस दिसतो असे नाही. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून याच मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅरावेल, इंजिनातील एक चकती धातूच्या थकव्याने फुटून पडले, आणि त्यातील ९५ जणांपैकी एकही वाचला नाही. ती चीर कोणत्याही सेवकाच्या दृष्टीच्या पलीकडली होती.

एखादी वस्तू नादुरुस्त असता विमान उडाले की तो गुन्हाच, हाही समज बरोबर नाही. कोणती साधने किती काळ नादुरुस्त चालतील याची प्रत्येक विमानाची मंजूर यादी असते. काहींस तीन दिवसांची, काहींस दहा, तर काहींस १२० दिवसांची मुदत मिळते, आणि दरवाजासारख्या बाबतीत तो बंद ठेवून प्रवासी कमी घेण्यासारख्या अटीही असतात. मात्र ही सवलत नोंद झालेल्या दोषालाच लागू. सेवकाने केबिनच्या वहीत लिहिले, कप्तानाने तांत्रिक वहीत उतरविले आणि परवानाधारक अभियंत्याने सही केली, तरच मुदतीचे घड्याळ सुरू होते. तोंडी सांगितलेला दोष या हिशेबात जमेस धरला जात नाही, आणि ‘पुढच्या खेपेस लिहू’ म्हणणारा वरिष्ठ खरा धोक्याचा.

राहता राहिला कायदा. साहुकारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मद्रास उच्च न्यायालयाची १८९२ सालची तांबडी इमारत उभी आहे, आणि अन्याय झाला की तेथे रिट अर्ज दाखल करावा, असे पुष्कळांना वाटते. एअर इंडिया सरकारी होती तोवर ते शक्य होते. जानेवारी २०२२ मध्ये ती खासगी झाल्यावर तिच्याविरुद्धच्या सेवाविषयक तक्रारींत रिट चालणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी, म्हणजे हीथ्रोच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी, केबिन सेवकांच्याच प्रकरणात दिला. जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेने संमत केला खरा, पण तो अमलात आला नाही, आणि आला असता तरी त्याचा रोख सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारावर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे स्वेच्छेने, नाव गुप्त राखून माहिती देण्याची सोय आहे; बडतर्फीविरुद्ध मात्र कामगार न्यायाधिकरणाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. हे महासंचालनालय सरकारी असल्यामुळे, दोषाची वर्दी मिळूनही ते स्वस्थ बसले तर त्याच्याविरुद्ध या तांबड्या इमारतीत अजूनही रिट चालू शकते. अट इतकीच, की दिलेल्या वर्दीची नक्कल अर्जदाराच्या दप्तरी असावी.