‘एकल’ या संज्ञेचा अर्थ : एका गिटारवादकाचा पहिला संग्रह आणि तुळजापूरचा गोंधळ

‘एकल’ हे विशेषण मराठीत आज परस्परांहून भिन्न अशा अर्थांनी वापरले जाते. ‘एकल पालक’ या प्रयोगात जोडीदाराचा अभाव अभिप्रेत असतो. ‘एकल तबलावादन’ या प्रयोगात मात्र तसा अभाव नसतो. तेथे नगमा धरणारा सारंगिया किंवा हार्मोनियमवादक शेजारी बसलेला असतो, आणि त्याच्यावाचून वादन उभे राहत नाही. म्हणजे पहिल्या प्रयोगात ‘एकल’ शब्द संख्या सांगतो, तर दुसऱ्यात तो स्थान सांगतो. हा भेद स्पष्ट न ठेवल्यास लोककलांच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी करताना कसा घोटाळा होतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. पंक रॉक हा संगीतप्रकार 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क व लंडन या शहरांत आकारास आला. लहान गीते, मोजके स्वरसंघात आणि कर्कश गिटार ही त्याची ठळक लक्षणे होत. या प्रवाहाच्या पूर्वसूरींपैकी ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या संचात जॉनी थंडर्स (1952–1991) हा गिटार वाजवीत असे, आणि प्रमुख गायक डेव्हिड जोहॅन्सन हा होता. 1975 मध्ये थंडर्सने हा संच सोडून ‘हार्टब्रेकर्स’ हा नवा संच उभारला, आणि 1978 मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह ‘सो अलोन’ प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ ‘अगदी एकटा’ असा. पण हा संग्रह एकट्याचा मुळीच नाही. त्यात ‘सेक्स पिस्टल्स’चे स्टीव्ह जोन्स व पॉल कुक, ‘थिन लिझी’चा फिल लायनट, तसेच स्टीव्ह मॅरियट अशा नामांकित कलावंतांची साथ आहे.

संग्रहाची रचनाही लक्षणीय आहे. आरंभीची ‘पाइपलाइन’ ही रचना शब्दविरहित आहे. इतरांनी पूर्वीच लोकप्रिय केलेली ही चाल गिटारच पुढे नेते. पुढे ‘सबवे ट्रेन’ हे 1973 च्या ‘डॉल्स’च्या पहिल्या संग्रहातील गीत पुन्हा येते, मात्र तेथे जोहॅन्सनने गायिलेले शब्द आता थंडर्स स्वतः गातो. गीत तेच, संगतही भरपूर. पण केंद्र बदलले आहे. संगत करणाऱ्याकडे संगत घेण्याचा अधिकार आला, हाच येथे ‘एकल’ शब्दाचा आशय होय.

असे स्थानांतर आपल्याकडे अपरिचित नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला तबल्याची साथ केली, आणि तेच थिरकवा स्वतंत्र तबलावादनाचे श्रेष्ठ कलावंत म्हणूनही मान्यता पावले. साथ आणि स्वतंत्र वादन या कलावंताच्या कायमच्या जाती नसून प्रयोगातील भूमिका आहेत, हे यावरून ध्यानात येते.

आता तुळजापूरकडे वळू. भवानीच्या उपासनेत आणि अनेक घराण्यांच्या कुलाचारात गोंधळाला महत्त्वाचे स्थान आहे. गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई असे दोन भेद सांगतात. पहिल्याचा संबंध तुळजाभवानीशी, तर दुसऱ्याचा माहूरच्या रेणुकेशी जोडला जातो. प्रयोगात नाईक गण, देवतांचे आवाहन व आख्यान सांगतो. संबळ, तुणतुणे व झांज यांची साथ असते. साथीदार झील धरतात. परंतु ‘साथ’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. नाईक वाक्य अर्ध्यावर सोडतो तेव्हा साथीदार प्रश्न विचारतो, थट्टा करतो, कथेला पुढे ढकलतो. संबळवादक शब्द संपण्याची वाट पाहतो, आणि त्या रिकाम्या जागेत घाव घालून बोललेल्या शब्दाचे वजन ठरवितो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर आख्यान हे एका वक्त्याचे निवेदन नव्हे, तो संवाद आहे, आणि वाद्य हा त्यातील एक भाषक आहे.

उद्या एखाद्या संबळवादकाने स्वतःचा संग्रह काढावयाचे ठरविले, तर केवळ नाईकाचा आवाज वगळून तो सिद्ध होणार नाही. गिटारला स्वतःची चाल वाहता येते. संबळाच्या घावाला मात्र उत्तर देण्यासाठी काहीतरी समोर असावे लागते. त्या वादकाला शब्द, झील किंवा तुणतुण्याचा सूर आपल्या साथीला घ्यावाच लागेल. तरीही तो संग्रह ‘एकल’च ठरेल, कारण कोठे थांबावे आणि कोठे वाढवावे याचा निर्णय त्याचा असेल.

यावरून नोंदींविषयी एक व्यावहारिक नियम निघतो. गोंधळाच्या ध्वनिमुद्रणावर नुसते ‘गायक’ एवढेच लिहून एक नाव घातले, तर नाईक नकळत ‘एकल’ ठरतो आणि उरलेले भाषक संहितेतून गळून पडतात. मग पुढील अभ्यासकाला लिप्यंतरात प्रश्न कोणाचा व उत्तर कोणाचे हे कळत नाही, आणि संबळाची जागा तर तो विराम म्हणून सोडून देतो. यास्तव क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक मुद्रणाबरोबर, कलावंतांच्या संमतीने, सर्वांची नावे, वाद्ये व भूमिका नोंदवाव्यात. झील, पृच्छा व वाद्याचे उत्तर यांना लिप्यंतरात स्वतंत्र ओळी द्याव्यात. आणि ‘एकल’ हा शब्द प्रयोगाची सूत्रे कोणाच्या हाती होती हे निश्चित झाल्यावरच वापरावा.